काकांची तब्येत स्थिर आहे

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जेवढं वाकता येतं तेवढं. डावा पाय आखूड असल्यामुळे मी वाकताना डावीकडे कलते, तेव्हा हा नमस्कार तुझ्या पायांऐवजी शेजारच्या स्टुलाला पोचला तर तुझा तू ओढून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? वरच्या मजल्यावरची ती बाई अजून तुझ्या वाळत घातलेल्या चादरींवर पाणी सांडते का? दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात तू आमची खुशाली विचारली होतीस आणि मी उलट टपाली कळवलं होतं, की हवा छान आहे. त्याआधीच्या पत्रातही हवा छानच होती. तुला वाटलं असेल, पोरगी कोरडी निघाली, आईवर गेली नाही. तसं नाही गं. आमच्याकडे पत्रं फोडून वाचायला एक कारकून बसवलेला असतो आणि हवेखेरीज दुसरं काही दिसलं की तो त्यावर काळी शाई फासतो. एकदा मी 'हवा जरा कोंदट आहे' असं लिहिलं, तर त्यानं 'कोंदट' तेवढं फासलं. आजचं हे पत्र कुणीही फोडणार नाही. म्हणून पाच-सहा वर्षांचं साचलेलं एकदम लिहिते आहे, तेव्हा चष्मा लाव, गुडघ्याखाली उशी घे आणि मधेच दूध उतू जाईल असं काही चुलीवर ठेवलं असशील तर आधी ते उतरवून ये.

काकांच्या तब्येतीची चौकशी केली होतीस. काकांची तब्येत स्थिर आहे. गेल्या हिवाळ्यापासून फारच स्थिर आहे, कारण गेल्या हिवाळ्यात ते वारले. ही बातमी अशी फटकन द्यायची नसते हे मला कळतं, पण त्यांच्या मरणावर इतकं काही उभं आहे की ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं एक अक्षर तुला समजायचं नाही. दुकानात, कामाच्या खुर्चीतच गेले. डोळ्याला घड्याळजीचं भिंग तसंच होतं आणि तोंड अर्थातच उघडं होतं, कारण ते बोलत होते. तुला ठाऊकच आहे, तुमचं दोघांचं कधी पटलं नाही ते त्यामुळेच. (तू म्हणायचीस की हा माणूस श्वास घेताना तरी गप्प बसतो की तोही शब्दांतून घेतो.) पण मावशी, आई-बाबा गेल्यावर त्या बडबड्या माणसानं आम्हा दोघींना सांभाळलं, आणि नुसतं आम्हालाच नाही. सोबतीचा कायदा आला तेव्हा गल्लीतल्या सात मुलींच्या घरी पुरुषमाणूस नव्हतं. काकांनी कागदोपत्री सातही जणींचं काकापण पत्करलं आणि रोज संध्याकाळी आम्हा सगळ्यांची वरात घेऊन कुरकुरत, खाकरत, पोलिसाशी वाद घालत गावभर हिंडले. मला त्यांची फार आठवण येते. हे एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढे मी हसले तर तुला राग यायला नको.

सोबतीचा कायदा तू पूल ओलांडून पलीकडे राहायला गेल्यानंतरचा, तेव्हा थोडक्यात सांगते. बाईमाणसानं घराचा उंबरठा नात्यातल्या पुरुषाशिवाय ओलांडायचा नाही. पुरुष हाताच्या अंतरावर हवा. त्याच्या खिशात सोबत-पुस्तक हवं आणि दर चौकीवर त्या पुस्तकावर शिक्का हवा. कारखान्याला जायला तेवढी बंद गाडी दारात येते, मोजून भरते आणि मोजून रिकामी करते. आता काका वारले, तर त्यांच्या मृत्यूची नोंद करायला हवी. नोंदणीची खिडकी आमच्या कारखान्याच्याच आवारात आहे, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तिथं गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, बाईमाणसाची तक्रार, अर्ज किंवा खबर पुरुषाच्या सोबतीशिवाय घेता येत नाही. मी म्हटलं, आमच्या घरात एकच पुरुष होता आणि तोच वारलाय. त्यानं नियमाचं पुस्तक उघडलं, बराच वेळ वाचलं आणि मोठ्या सहानुभूतीनं म्हणाला, मग त्यांनाच घेऊन या. मी तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं एवढी सवलत दिली, की काकांना येणं जमत नसेल तर त्यांची लेखी संमती चालेल. काकांना स्मशानाच्या रखवालदारानं, जो पत्त्यांच्या डावात त्यांचा वीस वर्षांचा भिडू होता, कागदाशिवायच जागा दिली. त्यांचा एकुलता एक कोट त्यांच्या अंगातच राहिला. आणि सरकारदरबारी आमचे काका आजतागायत हयात आहेत.

इथवर नुसतं दुःख होतं. खरा घोर पुढे लागला. धाकटीच्या नावाचं कार्ड आलं. सोळावं पूर्ण झालं की मुलीची नेमणूक होते, म्हणजे सरकारचं सोबत-खातं ठरवेल त्या घरी तिला पाठवतात. पत्र लिहायची परवानगी नसते, आणि गेलेली मुलगी पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. माझी नेमणूक झाली नाही, कारण तपासणीत मी नापास झाले. (आयुष्यात एवढ्या आनंदानं कुणी नापास झालं नसेल. तपासणारा म्हणाला, 'चालून दाखव', मी चालून दाखवलं, आणि त्यानं चालणं पुरं व्हायच्या आतच फुली मारली.) अशा नापास झालेल्या पोरींचाच आमचा शिवणाचा कारखाना आहे. कुणी तिरळी म्हणून नापास, कुणी फार उंच म्हणून, एक तर नाकातून हसते म्हणून. आमच्या कापणीच्या टेबलावरची कातरवाली उलट उत्तर दिलं म्हणून नापास झाली. तिला विचारलं होतं, 'कधी उलट उत्तर देतेस का?', आणि ती म्हणाली, 'प्रश्नावर अवलंबून आहे.' पण आपल्या धाकटीत मेलं काही खोटच नाही. सरळ पाय, सरळ डोळे, हसणंही तोंडातूनच. तिनं लंगडायचा सराव केला, तर दोन्ही पायांनी आलटून पालटून लंगडायला लागली. नेमणुकीचं घर बावन्न वर्षांच्या एका चौकी-अधिकाऱ्याचं निघालं, ज्याच्याकडे आधी नेमलेल्या दोघी 'टिकल्या नाहीत' असं कार्डावर छापलेलं होतं. तारीख दोन महिन्यांवर होती. धाकटीनं कार्ड वाचलं, घडी घातली आणि त्या दिवसापासून जेवताना बोलेनाशी झाली.

कल्पना कातरवालीची. (पुढे कधी भेटलीच तर तिचं कौतुक करू नकोस, ती उलट उत्तर देईल.) एके दुपारी ती कात्री खाली ठेवून म्हणाली, तुझा काका सरकारच्या हिशेबी जिवंत आहे ना, मग फक्त तो दिसला म्हणजे झालं. आमच्याकडे कोट बेतायला एक पुतळा असतो. त्याला मान, हात, पाय काही नाही, नुसतं धड, आणि तेही बाईचं, कारण आम्ही बायकांचे नियमाचे करडे कोट शिवतो. आता बाईच्या धडाचा काका कसा करायचा? छाती काही कमी करता येईना. शेवटी कातरवालीनं उलट्या बाजूनं विचार केला आणि छातीच्या खाली तेवढंच पोट लावलं. काकांना जन्मात सुटलं नव्हतं असं पोट सुटलं. डोकं गोणपाटाचं, आत चिंध्या, आणि ते बसवलं झाडूच्या दांड्यावर. त्यावर काळा चष्मा, कानटोपी, नाकापर्यंत मफलर, हातमोज्यांत कापूस. खुर्चीला कापडाचे तागे वाहायच्या ढकलगाडीची चाकं लावली आणि पाठीवर पाटी टांगली, 'संसर्गजन्य. चार पावलं लांब राहावे.' तेवढी पाटी होती म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

कोट मात्र नवा शिवावा लागला. नऊ जणींनी आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत शिवला. मावशी, तुला ठाऊक नसेल, बायकांच्या नियमाच्या कोटाला खिसा नसतो. बाईला लपवण्यासारखं काही नसावं असा त्यामागचा विचार. आमच्यातल्या कुणीही आयुष्यात खिसा शिवला नव्हता. पहिला खिसा बसला तेव्हा तिरळीनं त्यात हात घालून पाहिला, मग त्या उंच पोरीनं पाहिला, मग सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर कुणी कुणाचं ऐकेना. बाहेर चार, आत पाच, अस्तराच्या आत एक, आणि बाहीच्या आत एक, असे अकरा खिसे काकांच्या कोटाला झाले. (बाहीतला खिसा कशाला, असं मी विचारलं. जिनं शिवला होता ती म्हणाली, असू दे गं, छान दिसतो.) एवढी हौस करून शिवलेल्या त्या कोटात एक घोडचूक राहिली होती, आणि नऊ जणींपैकी एकीच्याही ती लक्षात आली नाही. ती जिथं उघडी पडली तिथंच पुढे सांगते.

पहिल्यांदा काकांना घेऊन कोपऱ्यावरच्या चौकीपर्यंत गेलो तेव्हा मी वाटेत तीनदा थांबून पाटी सरळ केली. पोलिसानं पाटी वाचली, चार पावलं मागे सरला आणि लांबूनच पुस्तकावर शिक्का मारला. मला 'कुठे, कशाला, किती वेळ' असे सतरा प्रश्न, काकांना एकही नाही. आठवड्याभरात तर तो स्वतः खुर्ची ओढून चार पावलांवर बसायला लागला आणि काकांना आपल्या घरचं रडगाणं सांगायला लागला. सून कशी उर्मट, भाऊ कसा आतल्या गाठीचा, साहेब कसा कानाचा हलका. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, 'तुमचे काका फार समजूतदार. पूर्वी जरा बडबडे होते, नाही?' मी म्हटलं, आजारपणानं माणूस बदलतो. त्या दिवसांत आम्ही पुन्हा रस्त्यावर हिंडलो गं. सातही जणी. बेकरीसमोर उभ्या राहिलो, नदीच्या कठड्यापर्यंत गेलो. फक्त कुणीतरी शेजारून चाललंय असं दाखवायला गोणपाट लागत होतं.

इथवरच राहतो तर बरं होतं, पण काकांची कीर्ती पसरली. सोबत-खात्याचे एक साहेब आहेत. त्यांच्या टोपीला गोंडा आहे आणि बोलताना तो त्यांच्या आधी हलतो, म्हणून आम्ही त्यांना गोंडेवाले म्हणतो. त्यांनी काकांना चौकीवर पाहिलं, दोन-तीन गोष्टी विचारल्या, उत्तर आलं नाही, आणि ते भारावून गेले. त्यांच्या हाताखालची माणसं दिवसभर 'होय साहेब' म्हणतात, त्यांना 'होय' न म्हणणारा माणूस बऱ्याच वर्षांत भेटला नसावा. पंधरा दिवसांत काकांची शिस्त समितीवर निवड झाल्याचा कागद आला. आमचं धाबं दणाणलं. नाही म्हणावं तर कुणाच्या तोंडानं म्हणावं? काका गेले असते तर आम्ही सुटलो असतो, पण काकांना जाता येत नव्हतं, तुला ते खिडकीचं सांगितलंच आहे.

तेव्हा काका समितीच्या बैठकीला गेले. संसर्गामुळे त्यांना लांब खिडकीशी बसवलं, आणि आजारी म्हणून मला खुर्चीमागे उभं राहायची खास परवानगी मिळाली. (भिंतीकडे तोंड करून. मी थोडी कलते, म्हणून मला खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं.) त्या दिवशी विषय एकच होता, नेमणुकीचं वय सोळावरून पंधरावर आणायचं. गोंडेवाल्यांनी भाषण केलं, सहा हात वर गेले, काकांचा गेला नाही. अध्यक्ष म्हणाले, आपलं मत? माझा आखूड पाय तासभर उभा राहून बधिर झाला होता. मी भार बदलायला गेले आणि माझं कोपर मागच्या खुर्चीच्या पाठीवर आदळलं. झाडूच्या दांड्यावरचं ते डोकं सावकाश, फार सावकाश डावीकडे वळलं. ते सरळ करावं म्हणून मी घाईनं दुसरा धक्का दिला, तर ते तितक्याच सावकाश उजवीकडे गेलं. आणि मग दोनदा आपलं आपण, कुणी न विचारता, डावीकडे आणि उजवीकडे.

मावशी, सहापैकी एका सद्गृहस्थांनी वर केलेल्या हातानं हळूच कान खाजवला आणि हात खाली घेतला. दुसऱ्यांनी टेबलावरचा ग्लास उचलला. तिसरे म्हणाले, तसं मलाही पहिल्यापासून जरा घाईचंच वाटत होतं. पाच मिनिटांत प्रस्ताव अधिक अभ्यासासाठी पुढे ढकलला गेला आणि गोंडेवाल्यांचा गोंडा अगदी मलूल झाला. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, घरी काय म्हणतात? मी म्हटलं, घरी फार बोलत नाहीत. बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. गावातल्या पंधरा वर्षांच्या पोरींना आणखी एक वर्ष मिळालं होतं, आणि ते मागणाऱ्याचं डोकं आदल्या महिन्यापर्यंत बटाट्यांचं पोतं होतं. त्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, तेव्हा मी काकांच्या मागे उभी राहून रडले आणि त्यांच्याच मफलरला नाक पुसलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

समितीच्या सदस्याला प्रकृतीसाठी महिन्यातून एकदा पुलापलीकडे, तुमच्या बाजूला, हवापालटाला जाता येतं. सदस्याच्या बिल्ल्यासोबत ही सवलतही घरी आली. तेव्हा धाकटीच्या तारखेला नऊ दिवस उरले होते. कातरवालीनं कागद वाचला आणि म्हणाली, झालं तर मग, काकांना हवा बदलायला हवी.

आज सकाळी अकरा वाजता आम्ही पुलावर पोचलो. काका खुर्चीत, मी खुर्ची ढकलत, धाकटी हाताच्या अंतरावर. पुरुष शिपायांनी बिल्ला पाहिला, सलाम ठोकला आणि चार पावलं मागे झाले. पण पुलाच्या तोंडाशी बायकांची झडती घेणारी एक म्हातारी बसते, तिला आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं. केस पिकलेले, तोंडात सुई धरावी तसे ओठ आवळलेले. तिनं माझी झडती घेतली, धाकटीची घेतली आणि मग उठून सरळ काकांकडे निघाली. 'आजी, संसर्ग आहे,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'माझं काय उरलंय लागायला?' वाऱ्यानं काकांचा मफलर सुटला होता, तो नीट करायला तिनं हात घातला आणि तिचा हात बटणावर थांबला.

तीच ती चूक. पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या अंगाला असतात आणि बटणं उजव्या, बायकांच्या कोटाला नेमकं उलट. आम्ही नऊ जणी दिवसाला पन्नास कोट शिवतो आणि सगळे बायकांचे. हाताला जे वळण तेच काकांच्या कोटाला लागलं. म्हणजे शिस्त समितीचे सन्माननीय सदस्य महिनाभराहून जास्त बाईच्या बाजूनं बटणं लावून गावभर फिरले, सहा पुरुषांसमोर बसले, गोंडेवाल्यांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं, आणि एकाच्याही ते लक्षात आलं नाही. म्हातारीच्या एका सेकंदात आलं. तिनं बटण चाचपलं, काज चाचपलं, मग हातमोजा दाबून पाहिला. धाकटीनं मागून माझ्या कोटाचं टोक धरलं, लहानपणी अंधारात धरायची तसं.

'कुणी शिवला?' म्हातारीनं विचारलं. मी बोटं दाखवली, सुयांनी टोचलेली. तिनं स्वतःची दाखवली. तशीच होती, फक्त चाळीस वर्षं जुनी. मग तिनं स्वतःच्या गळपट्टीची टाचणी काढली, मफलर बटणांवर ओढून नीट टाचला आणि शिपायांवर खेकसली, 'अरे, म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यात काय उभं केलंय, सोडा लवकर!' आणि मला, ओठ न हलवता, 'कोट उसवून पुन्हा शीव. आणि बाहीतला खिसा काढ, दंडाला फुगतोय.' मी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत गं. पाय आपोआप चालायला लागले होते, आखूडसुद्धा.

तर मावशी, आम्ही पार झालो. हे लिहिते आहे ते पुलाच्या तुमच्या बाजूच्या बाकावर बसून. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो हे मला आज कळलं. मघापासून मी कारण नसताना हसते आहे. धाकटी शेजारी बसून पाव खाते आहे आणि तोंड भरलेलं असताना बोलते आहे. दोन महिन्यांनी पहिल्यांदाच जेवताना बोलतेय, तेव्हा मी तिला रागावले नाही. समोरून मघाशी तिच्याएवढी एक मुलगी सायकलवरून एकटी गेली, तर धाकटीनं तिच्यामागे कुणी येतंय का म्हणून किती तरी वेळ पाहिलं. कुणी आलं नाही. काका ऊन खात आहेत. हवा छान आहे. (आज खरंच आहे.)

बाकी काय लिहू? तुझ्या गुडघ्यांना जप. माझ्याकडून काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर ते मोठ्या मनानं वाच, आणि जे लिहिलं नाही ते खाली आहे.

तुझी,
थोरली

ता. क. तुझ्याकडे एकूण खाटा किती आहेत? सहज विचारते. वरची खोली अजून रिकामीच असते ना? दर महिन्याला एक, फार तर दोन पोरी येतील. सगळ्यांना उत्तम शिवता येतं, चादरी धुता येतात, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईशी भांडायला त्या उंच पोरीला पुढे कर. पुढच्या महिन्यात कातरवालीची भाची येईल, तिला सोळावं लागतंय. एकंदर चौदा जणी आहेत. आकडा एकदम सांगितला असता तर तू पत्र बाजूला ठेवलं असतंस.

आणखी एक ता. क. वरच्या मजकुरावरून तुझा असा समज झाला असेल की आम्ही दोघी येतो आहोत. तसा तो व्हावा अशाच बेतानं मी लिहिलं, कारण आधीच सांगितलं असतं तर तू पुढचं रडत वाचलं असतंस आणि काकांच्या पोटाला हसली नसतीस. पूल पाचला बंद होतो आणि सदस्यानं त्याआधी परतायचं असतं. काकांना एकट्याला जाता येत नाही. (बायकांचं बरं असतं. पुस्तकात पुरुषाच्या येण्याजाण्याची नोंद होते, सोबत बायका किती होत्या ते लिहायला रकानाच नाही. दोघी गेल्या आणि एक आली, कोण मोजतो?) नेमणुकीच्या दिवशी गोंडेवाले येऊन धाकटी कुठे म्हणून काकांना विचारतील आणि काका उत्तर देणार नाहीत, त्यात ते आता तरबेज आहेत. धाकटीला हे सांगितलं तेव्हा ती खूप रडली, मला दोनदा आणि काकांना एकदा शिवी दिली आणि मग माझ्या बाहीला डोळे पुसले. माझी काळजी करू नकोस. मी घाबरले आहे, पण गेली तीन वर्षं जितकी घाबरत होते तितकी नाही.

शेवटचा ता. क. हे पत्र तुझ्या हातात देणारी मुलगी अजून दारातच उभी असेल. तिनं दोन बस बदलून तुझं घर एकटीनं शोधलेलं आहे, तरी ती आपण होऊन उंबरठा ओलांडणार नाही, तिला कुणी तशी सवयच लावलेली नाही. आता पत्र खाली ठेव आणि तिला आत घे. जेवू घाल, झोपू दे. आणि उद्या सकाळी तिला म्हण, जा, बाहेर जाऊन ये. सोबत कुणाला देऊ नकोस, तू स्वतःही मागून जाऊ नकोस, खिडकीत उभी राहू नकोस. कुठे निघालीस, हेसुद्धा विचारू नकोस.